वेळापत्रकातलं पुण्य

चर्चमधल्या मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घेण्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, असा आम्हा कॅथलिकांचा नियम आहे. पाणी आणि औषध चालतं. नियम एवढा लहान की पहिली कम्युनियन घेणाऱ्या पोरालाही पाठ होतो. पण वसईत रविवारची पहिली मिस्सा भल्या सकाळी असते आणि भल्या सकाळी घरात चहा असतो. त्यामुळे हा नियम धर्मशास्त्रातून उठून अंकगणितात जातो. तास मोजायचा तो मिस्सा सुरू होते तिथून नव्हे, प्रत्यक्ष कम्युनियनपासून मागे. मिस्सा सातची असेल तर कम्युनियन साधारण पावणेआठला. म्हणजे पावणेसातपर्यंत चहाला मुभा. मग प्रवचन कोणाचं आहे ते पाहायचं. थोडक्यात आटोपणारे फादर असतील तर साडेसहालाच कप धुऊन पालथा. पण मोशेबरोबर मिसरातून निघून चाळीस वर्षं वाळवंटात काढल्याशिवाय न थांबणारे फादर असतील, तर चर्चची घंटा व्हायला लागेपर्यंत बटर बुडवून खाता येतं. आमच्या घरी हा हिशेब वडील करत. लांब प्रवचनाचा तेवढा एक फायदा त्यांना मान्य होता.

आजीला या हिशेबाची लाज वाटे. तिच्या तरुणपणी मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याला परवानगी दिली, १९५७ साली जेवणासाठी तीन तास आणि चहा-दुधासाठी एक तास ठरला, आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी सगळ्यालाच एक तास करून टाकला. आजीला ही सालं ठाऊक नव्हती. रोममधली शिस्त बिघडत चालली आहे, एवढंच तिला कळत होतं. ती शेवटपर्यंत मध्यरात्रीचा नियम पाळत राहिली आणि मिस्सेहून परतल्यावर पहिल्या घोटाबरोबर आम्हा सगळ्यांना तो ऐकवत राहिली. उपवास केला तर तो लोकांना दाखवू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. तो उतारा दरवर्षी राखेच्या बुधवारी चर्चमध्ये वाचला जातो. आजी तो दरवर्षी डोळे मिटून, मान डोलवत ऐके आणि बहुधा आमच्यापैकी कोणासाठी तरी तो आहे असं धरून चाले.

राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ लागतो आणि गणित आणखी अवघड होतं. या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचं कारण सांगून ठेवलं आहे. जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्यांचं मांस जिभेला जास्त सुख देतं, म्हणून चर्चने ते सोडायला सांगितलं. माशात तेवढं सुख नाही. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण वसईच्या पाचूबंदरला कधी आला नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी सकाळी कोळणी टोपल्या घेऊन दारावर येतात, तेव्हा त्या टोपल्यांत प्रायश्चित्त कुठे दिसत नाही. सुरमई असते, कोलंबी असते, नशीब असेल तर पापलेट असतं, आणि भाव तर असा असतो की त्याग करायचाच असेल तर तो पैशांचा होतो. मटण सोडून आंबटतिखट कालवणावर हात मारायचा आणि वर देवाला सांगायचं की तुझ्यासाठी एवढं केलं, यात काहीतरी खोट आहे हे आम्हाला लहानपणीच कळलं होतं. कळूनही आम्ही दुसऱ्यांदा भात घेत होतो.

अक्वायनस यांच्याविषयी मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. १२७४ साली प्रवासात आजारी पडून ते शेवटाला आले, अन्नावरची वासना उडाली, आणि काय खावंसं वाटतं असं विचारल्यावर त्यांनी ताजा हेरिंग मासा मागितला. त्या भागात हेरिंग मिळत नसे. तेवढ्यात सार्डिन विकणारा एक कोळी आला आणि त्याच्या एका टोपलीत हेरिंग निघाले, अशी साक्ष त्यांना संत ठरवताना झालेल्या चौकशीत नोंदलेली आहे. माशात सुख कमी, हे मत त्यांनी त्याआधी लिहून ठेवलं होतं हे बरं झालं.

मासा कशाला म्हणायचं यावरही आमच्या धर्मात विचार झालेला आहे. सतराव्या शतकात कॅनडातल्या कॅथलिकांनी पाण्यात राहणारा बीव्हर माशांत धरला. तो बिचारा केसाळ आणि चार पायांचा. २०१० साली न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी, अॅलिगेटर माशांत मोडतो, असं एका श्रद्धाळू माणसाला पत्राने कळवलं. आगाशीच्या भुजिंगातली कोंबडी मात्र अजून कोंबडीच आहे. शुक्रवारी संध्याकाळी आगाशीच्या रस्त्याने जाताना निखाऱ्यावर भाजलेल्या त्या कोंबडीचा आणि पोह्यांचा वास येतो, तेव्हा वसईच्या कॅथलिकाला आपल्या धर्माची खरी उंची कळते. तिथे पापलेटाची पळवाट कामाला येत नाही.

रविवारचा प्रश्न वेगळाच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस भरतात सेहेचाळीस. उपवासकाळ चाळीस दिवसांचा. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून वजा होतात. ही वजाबाकी आमच्या गावात सगळ्यात आधी त्यांना कळते ज्यांनी उपवासकाळात दारू सोडलेली असते. कुवेतला असलेल्या माझ्या आतेभावाची अडचण याहून मोठी. तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारीच होते. त्याच दिवशी मांस वर्ज्य आणि त्याच दिवशी सगळे वसईकर एकत्र जमलेले. तो म्हणतो, इथे आम्ही एका दिवसात मेजवानीही करतो आणि प्रायश्चित्तही. मेजवानीत काय असतं ते तो सांगत नाही, पण फोटोत झिंगे दिसतात.

माझ्या ऑफिसातले मित्र हे सगळं ऐकून हसत आणि विचारत की हा धर्म आहे की इन्कम टॅक्स. त्यांचंही बरोबर आहे. माणूस मनातून चांगला असावा, आतून उमलून आल्यावर त्याने भलं करावं, घड्याळ आणि कॅलेंडर बघून कसलं आलंय पुण्य, असं एकूण सुशिक्षित मत आहे. मला ते मत ऐकायला आवडतं. फक्त माझ्या आतून जे उमलून येतं ते मी पाहिलेलं आहे, आणि त्याच्या भरवशावर मी कुणाला चहासुद्धा पाजला नसता. उत्स्फूर्तपणे मला झोप येते. उत्स्फूर्तपणे मी शेजाऱ्याच्या नव्या गाडीची किंमत काढतो. चांगुलपणा सुचेल तेव्हा करायचा असं ठरवलं तर तो साधारण दर लीप वर्षी सुचेल. म्हणून मी हिशेब करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. आणि इथे अक्वायनस पुन्हा माझ्या मदतीला येतात. सद्गुण म्हणजे अंगवळणी पडलेली गोष्ट, एकच कृती पुन्हा पुन्हा करून पक्की झालेली, असं त्यांनी ॲरिस्टॉटलचं बोट धरून सांगितलं. वसईच्या जुन्या विहिरींच्या काठाला दोर घासून घासून खाच पडलेली असते, तसं काहीसं. दोराच्या मनात त्या वेळी कोणते भाव होते, हे कोणी विचारत नाही.

हे सिद्धांतापेक्षा मला आमच्या शेजारच्या काकीकडून जास्त कळलं. काकी वाडीवाली. सोनचाफा, मोगरा आणि थोडी केळी. आता सत्तरीच्या पुढे आहे, पण काही वर्षांपूर्वीपर्यंत पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जायची. सोनचाफा मोजून विकतात. काकी दर पुड्यात एक फूल जास्त घालायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "गाडीत एखादं तरी काळं पडतं रे. गिऱ्हाईकाने घरी जाऊन मोजलं नि एक खराब निघालं, तर तो मला शिवी घालणार. त्याला पाप करायला आपण कशाला लावा?" न्याय हा चार मुख्य सद्गुणांतला एक, असं आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं होतं. ज्याचं जे आहे ते त्याला देणं, अशी व्याख्याही पाठ होती. गिऱ्हाइकाने न दिलेल्या शिवीचीही त्यात तजवीज असते, हे वर्गात आलं नव्हतं.

आता काकी संत आहे असं कोणी समजू नये. तिच्या जिभेला धार आहे आणि ती धार ती गंजू देत नाही. दुपारी वाडीत आणखी दोघी-तिघी जमल्या की गावातल्या सुना, गावातल्या सासवा, कोणाचा मुलगा कोणत्या बिल्डरबरोबर दिसला, अशी नीट क्रमाने चौकशी चालते. बरोबर बारा वाजता चर्चची घंटा होते. ही आंजेलसची घंटा. मिलेच्या त्या प्रसिद्ध चित्रात बटाट्याच्या शेतात माना खाली घालून उभे राहिलेले नवरा-बायको हीच घंटा ऐकत आहेत. आमच्या वाडीतल्या बायका अशाच उभ्या राहतात, फक्त हातात विळा आणि अर्ध्यात तुटलेलं वाक्य असतं. क्रुसाची खूण, देवदूताने मरियेला दिलेला निरोप, तीन नमो मरिया, शेवटची प्रार्थना. सगळं मिळून दोन मिनिटं. मग काकी म्हणते, "काय सांगत होते मी?"

कोणाची सून आणि कुठपर्यंत आली होती, हे तिघींनाही अक्षरशः पाठ असतं. बहुतेक दिवशी तिघीही एकदम आठवण करून देतात. पण मी असाही दिवस पाहिला आहे की कोणीच बोललं नाही. एकीने गवताची जुडी बांधायला घेतली, दुसरी म्हणाली आज ऊन फार आहे, आणि त्या सुनेची गोष्ट तिथेच राहिली. घंटा बारा वाजता झाली म्हणून. साडेबाराला झाली असती तर त्या पोरीचं काही खरं नव्हतं.

२०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी पवित्रतेवर एक बोधपत्र लिहिलं. त्यात मोठमोठ्या तपश्चर्यांऐवजी शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांचा विषय आहे. उदाहरण म्हणून त्यांनी एक बाई घेतली आहे. ती बाजारात जाते, शेजारीण भेटते, बोलणं सुरू होतं आणि कुचाळकी सुरू होते. ती मनात म्हणते, नाही, मी कोणाविषयी वाईट बोलणार नाही. पुढे ती घरी येऊन, थकलेली असूनही मुलाचं बोलणं ऐकत बसते, असं ते पत्र चालतं. मी ते काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोपना वसईचा बाजार कोणी सांगितला?" मग थोडा विचार करून विचारलं, "ती शेजारीण काय सांगत होती ते नाही लिहिलं?"

घंटेचं निघालंच आहे तर एक आडवळण. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतल्यावर इथल्या चर्चच्या बऱ्याच घंटा देशावर गेल्या आणि देवळांत लागल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात अशीच एक पोर्तुगीज घंटा आहे, आणि मोठ्या आवाजाच्या बाईला नारोशंकराची घंटा म्हणायची त्या बाजूला रीत आहे. आमच्या घंटेचा असा उपयोग व्हावा, याचं मला वाईट वाटत नाही. वाडीतल्या बायकांना गप्प करणारी घंटा नाशकात जाऊन बोलक्या बायकांचं नाव झाली, एवढीच गंमत.

वसईचा स्वतःचा एक संत आहे, गोन्सालो गार्सिया. १५५७ च्या सुमारास इथे जन्मला, जपानला जाऊन आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याच्या सणाला आम्ही भाषणं ऐकतो आणि रक्त देऊ, प्राण देऊ अशी गाणी मोठ्याने म्हणतो. देऊही कदाचित. पण रोज नागासाकी येत नाही. रोज येते ती विरार फास्ट. संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरणारा एखादा भाबडा माणूस चढतो, तेव्हा डब्यातल्या वसई-विरारकरांचा त्याच्याशी होणारा व्यवहार कोणत्याही शुभवर्तमानात बसत नाही. त्याला उतरू द्यायचं नाही, हा तिथला कायदा. त्या गर्दीत माझ्यासारखे दोन-चार जण असतात. गळ्यात क्रूस, पाकिटात पवित्र हृदयाचं चित्र, आणि मनात हा प्रश्न की परक्याला आश्रय द्या हे वचन लोकलला लागू आहे का. मी एकदा दाराजवळ किंचित सरकून अशा माणसाला वाट दिली. त्यासाठी नागासाकीएवढं नाही, पण पाठीत दोन कोपरं बसतील इतकं मिळालं.

अशा वेळी बाळ येशूची संत तेरेजा कामाला येते. फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या कार्मेल मठात पंधराव्या वर्षी गेलेली ही मुलगी १८९७ साली, चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. बाहेरून पाहिलं तर तिने काहीच केलं नाही. मठातून बाहेर पडली नाही, कुठे चमत्कार केला नाही. पण आत्मचरित्रात तिने लिहून ठेवलेल्या अडचणी वाचल्या की वाटतं, ही बाई आपल्याच डब्यात उभी होती. ध्यानाच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सारखा कसलासा बारीक चीड आणणारा आवाज करी. तेरेजाला वळून एक कटाक्ष टाकावासा वाटे. तो तिने टाकला नाही. अंगाला घाम फुटेपर्यंत सहन केलं, आणि मग ठरवलं की हा आवाज सुंदर संगीत आहे असं समजून ऐकायचं. कपडे धुताना समोरची सिस्टर रुमाल आपटी आणि मळकं पाणी हिच्या तोंडावर उडे. तिथेही ती माघार न घेता उभी राहिली. विश्वविद्यालयात शिकवावं असं यात काही नाही, तरी १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला चर्चची आचार्य म्हणून घोषित केलं. मोबाईलवर मोठ्याने भोजपुरी गाणी ऐकणाऱ्या सहप्रवाशाशेजारी मी बोरिवली ते नायगाव हे संगीत समजून ऐकायचा प्रयत्न केला आहे. तेरेजाचं आचार्यपद मला तेव्हा पटलं.

घरी आल्यावर रोजरी. वसईच्या घरात संध्याकाळी आल्ताराजवळ मेणबत्ती लागते आणि जपमाळ सुरू होते. पाच रहस्यं, त्रेपन्न नमो मरिया. पूर्वी एकूण पंधरा रहस्यं होती. २००२ साली दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच वाढवली. आजीने ती बातमी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "रोज तर पाचच ना?" पाचच, असं कळल्यावर तिने पोपना मान्यता दिली.

रोजरी भक्तिभावाने म्हणावी असं सांगतात. आमच्याकडे ती म्हणतात, आणि भक्तिभाव वाटेत कुठेतरी येऊन मिळतो. आईची प्रार्थना आणि आईचा संसार एकाच सुरात चालतो. नमो मरिया अर्ध्यावर आली की "दूध बघ", पुन्हा पुढे, "पाय हलवू नकोस", पुन्हा पुढे. मरियेला त्याची सवय असावी. तिनेही घर चालवलं आहे. सोळाव्या शतकात आविलाच्या संत तेरेसाने आपल्या सिस्टरांना लिहिलं होतं की प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो. ते वाचण्याआधीच आईने त्याला तिथे शोधलं होतं. रोजरी संपली की खरी लांब गोष्ट सुरू होते. मृतांसाठी, आजाऱ्यांसाठी, ज्याची बारावी आहे त्याच्यासाठी, ज्याचा व्हिसा अडकला आहे त्याच्यासाठी, ज्यांच्याशी आपलं बोलणं नाही त्यांच्यासाठीसुद्धा. या शेवटच्या यादीतली नावं ऐकून आम्हा मुलांना कळे की सध्या कोणाशी बोलायचं नाही.

एकमेकांशी बोलणं नसलेले दोन सख्खे भाऊ आमच्या आळीतच राहतात. बांध कोणाचा यावर त्यांचा दावा कोर्टात आहे आणि दोघांच्या केसांबरोबर तोही पिकला आहे. दोघे रविवारी एकाच मिस्सेला येतात. मिस्सेत एक क्षण असा येतो की एकमेकांना शांती द्या म्हणतात. परदेशात लोक हात मिळवतात, कुठे कुठे गळाभेट घेतात. भारतात १९६९ साली मिस्सेच्या विधीत इथल्या रीतीचे काही बदल मंजूर झाले, तेव्हापासून आपल्याकडे हात जोडून, मान लववून शांती देतात. त्या बदलांचा हेतू भारतीय संस्कृती हा होता, पण भाऊबंदकीची केवढी सोय झाली! नमस्कार लांबून करता येतो. धाकटा डाव्या बाजूच्या बाकावरून हात जोडतो, थोरला उजव्या बाजूच्या. नजर एकमेकांच्या खांद्यावरून मागे, कुठेतरी संत योसेफाच्या पुतळ्याकडे. इतकी वर्षं न चुकता.

हे ढोंग आहे, असं माझा मुलगा म्हणतो. मला तसं वाटत नाही. ढोंगी माणूस आपल्याला राग नाही असं दाखवतो. या दोघांचा राग सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तरी आठवड्यातून एकदा हात वर येतात. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या, दोन-तीन दिवस वीज नव्हती. थोरल्याच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्याची चूल धाकट्याच्या माडीवर पेटली. पाणी ओसरल्यावर थोरला आपल्या घरी गेला आणि पुढच्या तारखेला दोघेही वेळेवर कोर्टात हजर होते. बांध अजून तिथेच आहे. पण त्या रात्री धाकट्याला दार उघडताना विचार करत बसावं लागलं असतं, तर पाणी वाढलं असतं. हात जोडायची सवय असल्यामुळे ते काम लवकर झालं, असं माझं मत आहे. मुलाचं मत अजून बदललेलं नाही.

कन्फेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे जे बोललं जातं ते तिथेच राहावं असा नियम आहे आणि तो मला सोयीचा आहे. वर्षातून निदान एकदा तरी जावं, हे १२१५ सालच्या लॅटरन महासभेने ठरवलं. आठशे वर्षं झाली तरी आमच्या गावातले लोक अजूनही ते एकदाच, पवित्र आठवड्यात, सगळे एकाच संध्याकाळी उरकायला येतात. रांग मोठी असते. रांगेत पुढे घुसण्याचं पाप तिथेच नव्याने घडतं आणि खिडकीपाशी पोहोचेपर्यंत ताजं असतं.

मागच्या उपवासकाळात फादर काकीच्या घरी आले होते. ती राखेच्या बुधवारी सकाळपासून एका जेवणावर होती आणि उन्हात फुलं खुडत होती. फादर म्हणाले, "काकी, चर्चचा उपवासाचा नियम अठरा वर्षांपासून एकोणसाठ वर्षांपर्यंतच आहे. साठी लागली की सुटलात. तुम्हाला आता बंधन नाही." मांस सोडायचा नियम चौदाव्या वर्षापासून पुढे कायमचा, पण उपवासातून तिची केव्हाच सुटका झाली होती. काकीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ती टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. दहा-बारा वर्षांचे राखेचे बुधवार आणि गुड फ्रायडे तिच्या डोळ्यांपुढून गेले असावेत.

"म्हणजे तेव्हापर्यंत केलं ते नोकरीतलं," ती शेवटी म्हणाली. "आणि हे पेन्शनीतलं. असू दे फादर, बसल्या जागी काहीतरी करायला हवंच ना."

पुढच्या रविवारी फादरांनी हे वाक्य प्रवचनात घेतलं. नाव घेतलं नाही. काकी पहिल्या बाकावर होती. ती मागे वळून एकेका बाकाकडे सावकाश बघत राहिली, सगळ्यांना नीट कळावं म्हणून.